गोल्फमधील दंडाचा फटका

माजिवड्याच्या मुलांना विटीदांडूंतील भांडणें नवीं नाहींत. 'झेल घेतला, नाहीं घेतला' या वादांत कित्येकदां संध्याकाळ सरते. यासाठीं, ज्या खेळांत बहुतेक वेळां खेळाडूच स्वतःचा पंच असतो, त्या गोल्फचे दंडाचे नियम त्यांनीं एकदां समजून घ्यावे असें वाटतें. आपल्यापासून फारशा दूर नसलेल्या चेंबुरास १९२७ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचें मैदान आहे.

या खेळांत काठीनें चेंडू मारीत तो क्रमानें अठरा गलींत पोंचवावयाचा असतो. गल गोट्यांच्या गलीसारखीच, पण सव्वाचार इंच रुंद. ज्याला एकंदर फटके कमी लागले तो जिंकला. म्हणून दंडही फटक्यांतच भरावयाचा. चेंडू जेथें पडला तेथूनच तो खेळावा, हें मूळ तत्त्व. तळ्यांत गेला किंवा झुडपांत अडकून मारतां येईना, तर नियमानें ठरलेल्या जागीं तो टाकून एक फटका अधिक मोजावा लागतो. हद्दीबाहेर गेला अथवा हरवला, तर शिक्षा दुहेरी: एक फटका दंड, शिवाय पुनः मूळ जागेवरूनच मारणें. म्हणजे पहिला फटका फुकट गेला, दुसरा दंडाचा, आणि आतां मारावयाचा तो तिसरा! शोधासाठीं पूर्वीं पांच मिनिटें मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. चुकून दुसऱ्याचा चेंडू मारल्यास दोन फटके दंड. मात्र थांबलेला चेंडू कावळ्यानें उचलून नेल्याची खात्री असेल, तर दंड मुळींच नाहीं; चेंडू पूर्वीच्याच जागीं ठेवून खेळावें. कावळ्याच्या पापाचें प्रायश्चित्त खेळाडूला नाहीं, हें मला फार न्याय्य वाटतें.

कठीण प्रसंग येतो तो कोणी पाहत नसतां. १९२५ सालीं अमेरिकेंतील वूस्टर येथें त्या देशाची खुली अजिंक्यपदाची स्पर्धा चालू होती. पहिल्याच फेरींत बॉबी जोन्स उंच गवतांत पवित्रा घेऊन उभा असतां चेंडू किंचित् हलला. तें त्याच्याखेरीज कोणीं पाहिलें नव्हतें. अधिकाऱ्यांनीं चौकशी करून निर्णय त्याच्यावरच सोंपविला, आणि त्यानें आपल्या नांवावर एक फटका चढविला. चार फेऱ्यांअंतीं त्याचे व विली मॅक्फर्लेन याचे सारखेच २९१ फटके झाले. तो एक फटका मोजला नसता, तर विजेतेपद तेथेंच जोन्सचें होतें. दुसऱ्या दिवशीं निकालासाठीं अठरा गलींची जादा फेरी झाली, तींतही बरोबरी. मग आणखी एक फेरी खेळावी लागली. तींत मॅक्फर्लेनला ७२ फटके लागले, जोन्सला ७३.