केमचा नंबर, शून्यासह आणि शून्याविना

केमचं कुंकू दूरवर जातं. मग डबीवरचा फोन नंबरही दूरवरून लागायला हवा. केम करमाळा तालुक्यात येतं आणि करमाळ्याचा एसटीडी कोड 02182. यातलं पहिलं शून्य फक्त देशातल्या देशात फिरवायचं; परदेशातून अधिकचं चिन्ह, 91, मग 2182 आणि पुढचे सहा आकडे. शून्य ठेवलं की फोन अडलाच. ‘आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, कोड कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण मोबाईललाही परदेशातून 91 लागतोच, आणि 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावं लागतं. व्यापाऱ्यांनो, डबीवर नंबर +91 सह छापा.