दोन्याची परिक्रमा

संक्रांतीला तिलवारा घाटावर जाऊन तीळ वाहिले नाहीत तर जबलपूरच्या जुन्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. नर्मदेच्या या घाटावर तिळभांडेश्वराचं देऊळ आहे. त्या दिवशी तिथं जत्रा भरते, आणि गावाचं नावही तिळावरूनच पडलं असं इथले लोक सांगतात. १९३९ सालचं त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन याच परिसरात भरलं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथंच विसर्जित झाला. राईट टाऊनातल्या माझ्या आत्याला या इतिहासाशी फारसं कर्तव्य नाही. ती दिवा सोडायला जाते, आणि मी सुट्टीवर असलो की स्कूटर चालवायला मी लागतो.

या खेपेला घाटावरच्या बाईकडं दोन प्रकारचे दोने होते. (द्रोण म्हणायला हवं, पण जबलपुरी मराठीत तो दोनाच.) एक पळसाच्या पानांचा, काड्यांनी टाचलेला. दुसरा चंदेरी कागदाचा, आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला. आत्यानं विचारलं, "तू विज्ञानावर लिहितोस ना? मग सांग, यातला कुठला घेऊ?"

मी क्षणाचाही विलंब न लावता पानाच्या दोन्याकडं बोट दाखवलं.

"आणि हे पान मंडल्याच्या जंगलातून टेम्पोनं आलं, त्याचा धूर कोण मोजणार?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तिचा प्रश्न अचूक होता. जगभर अनेक प्रयोगशाळा नेमका हाच प्रश्न सोडवत बसलेल्या आहेत. त्या शास्त्राचं नाव आहे जीवनचक्र मूल्यमापन, इंग्रजी आद्याक्षरांनी एलसीए. एखादी वस्तू वापरताना काय होतं एवढंच पाहून भागत नाही. कच्चा माल जमिनीतून निघाल्यापासून ती वस्तू कचऱ्यात जाईपर्यंत, म्हणजे बारशापासून बाराव्यापर्यंत, किती इंधन जळलं, किती पाणी लागलं, हवेत, पाण्यात, मातीत काय सोडलं गेलं, याची खतावणी मांडायची. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला मधेच नदी ओलांडून जवळचा रस्ता धरता येत नाही. तसाच इथला नियम आहे.

सुरुवात झाली १९६९ मध्ये, अमेरिकेत. शीतपेय काचेच्या बाटलीत भरावं, डब्यात भरावं की प्लास्टिकच्या बाटलीत, असा प्रश्न कोका-कोला कंपनीला पडला होता. कॅन्सस सिटीच्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटनं प्रत्येक पर्यायाचा माल, ऊर्जा आणि कचरा मोजला. तो पूर्ण अहवाल कधी छापला गेला नाही, पण पद्धत रुळली. १९९७ मध्ये आयएसओ १४०४० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, २००६ मध्ये ते सुधारलं आणि जोडीला १४०४४ आलं. त्यातली एक अट गिऱ्हाइकानं लक्षात ठेवावी अशी आहे : आपला माल दुसऱ्याच्या मालापेक्षा पर्यावरणाला बरा, असं एलसीएच्या आधारे जाहीरपणे म्हणायचं असेल तर तो अभ्यास त्रयस्थ तज्ज्ञांच्या मंडळाकडून तपासून घ्यावा लागतो.

ही अट उगाच आलेली नाही. १९९०च्या आसपास अमेरिकेत बाळांच्या लंगोटांवरून जुंपली होती. डायपर बनवणाऱ्यांनी करवून घेतलेल्या अभ्यासात डायपर जिंकले, कापडी लंगोट धुऊन देणाऱ्यांच्या संघटनेनं करवून घेतलेल्या अभ्यासात कापड जिंकलं. आकडे कुणी खोटे घातले असं म्हणायची गरजच नव्हती, गृहीतकं वेगळी धरली की पुरतं. पुढं ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये नव्यानं हिशेब केला तेव्हा हवामानाच्या दृष्टीनं दोन्ही जवळजवळ सारखेच निघाले. निकाल फिरवत होतं ते धुणं. पाणी किती गरम केलं, यंत्र भरून लावलं का, आणि लंगोट विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले की दोरीवर. आपल्या आज्यांची दोरी तिथं विनासायास पहिली आली.

एलसीएची सुरुवात आकड्यांनी होत नाही, ती होते 'कशाच्या मोबदल्यात?' या प्रश्नानं. एका पिशवीची दुसरीशी तुलना करून काही हाती लागत नाही. 'बाजारातून अमुक इतकं सामान घरी आणणं' हे काम धरायचं आणि ते काम करणाऱ्या पिशव्या ताडून पाहायच्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये तसं केलं. तिथल्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीनं किमान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे परिणाम धरले, ओझोनच्या थरावरचासुद्धा, तर ७,१०० वेळा! हा आकडा समाजमाध्यमांवर खूप फिरला आणि प्लास्टिकबंदीची टिंगल करायला वापरला गेला. फिरवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र वगळली. पिशवी वापरून झाल्यावर ती नीट गोळा केली जाते, असं त्या अभ्यासात धरलेलं होतं. नाल्यात, नदीत, गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशवीला त्या खतावणीत रकानाच नव्हता. २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकवर बंदी घातली ती बरीचशी या न मांडलेल्या रकान्यासाठी. ती अंमलात किती आली हा वेगळा विषय.

घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की नागपूरच्या रस्त्यावरचा पूल दिसतो आणि अंधार पडताच दिवे लागतात. सिमेंट आणि वीज. हरित तंत्रज्ञानाच्या बहुतेक भांडणांची मुळं या दोन गोष्टींत आहेत.

वीज आधी घेऊ. वरच्या अंगाला, याच नदीवर बरगीचं धरण आहे, १९९० मध्ये पूर्ण झालेलं. पायथ्याच्या वीजघरात ४५ मेगावॉटचे दोन संच, एकूण ९० मेगावॉट. धूर नाही, राख नाही. मग ही वीज स्वच्छ? आंतरशासकीय हवामान मंडळानं, म्हणजे आयपीसीसीनं, २०१४ मध्ये विजेच्या एका युनिटमागं संपूर्ण जीवनचक्रात किती हरितवायू सुटतात याचे मध्यम आकडे दिले. कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, छपरावरची सौरवीज ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. जलविद्युतीचा मध्यम आकडा गोजिरवाणा आहे, पण त्याच तक्त्यात तिचं वरचं टोक आहे २,२०० ग्रॅम, कोळशाच्या अडीच पटींहून जास्त. जलाशयात बुडालेली झाडं आणि गाळ तळाशी प्राणवायूवाचून कुजतो, त्यातून मिथेन निघतो. उष्ण प्रदेशातल्या उथळ, पसरट जलाशयांत हे अधिक होतं. म्हणजे 'जलविद्युत स्वच्छ असते का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या धरणाची, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

बरगीचा जलाशय पंचवीस हजार हेक्टरांहून मोठा आहे. सगळा भार ९० मेगावॉटवर टाकला तर एका मेगावॉटमागं पावणेतीनशे हेक्टरांच्या वर पाणी. सौर प्रकल्पाला तेवढ्याच क्षमतेसाठी दोनएक हेक्टर पुरतात. मांडणी धक्कादायक, पण अन्यायाची. कारण बरगी फक्त विजेसाठी बांधलेलं नाही, त्याच पाण्यावर कालवे चालतात. मग बुडालेल्या जंगलाचा बोजा विजेच्या खात्यावर किती टाकायचा आणि गव्हाच्या खात्यावर किती? एलसीएत याला भारवाटप म्हणतात, आणि खरी मारामारी इथं होते. वजनावर वाटा, पैशावर वाटा, पाण्यावर वाटा, प्रत्येक रीतीनं वेगळं उत्तर येतं आणि प्रत्येक उत्तर नियमात बसतं.

बरगीनं जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावं विस्थापित केली. युनिटमागं ग्रॅममध्ये ते लिहिता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २००९ मध्ये सामाजिक जीवनचक्र मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२० मध्ये ती सुधारली. प्रयत्न प्रामाणिक आहे. तरी बुडालेल्या गावाची बेरीज कार्बनमध्ये होत नाही, आणि होऊही नये असं माझं मत.

आता आत्याच्या गच्चीवर येऊ. तिथं एक किलोवॉटची सौर पाटी बसवली तर जबलपूरच्या उन्हात वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतील. पाटी हळूहळू थकत जाते हे धरून २५ वर्षांत सुमारे ३२,०००. आयपीसीसीच्या आकड्यांनी एवढ्या सौरविजेमागं सव्वा टनाच्या आसपास हरितवायू, तेवढ्याच कोळशाच्या विजेमागं सव्वीस टन. सौरविजेचा जवळजवळ सगळा भार पाटी छपरावर चढण्याआधीच पडून गेलेला असतो, वाळूतून शुद्ध सिलिकॉन काढणाऱ्या भट्टीत. ती भट्टी कोळशाच्या विजेवर चालली की पाटी काळवंडते, पाण्याच्या विजेवर चालली की उजळते, पाटी मात्र तीच. म्हातारी झाल्यावरही ती कुठं तरी जाणारच. आपल्याकडं २०२२च्या ई-कचरा नियमांत सौर पाट्यांचा समावेश झाला आहे.

एक गोष्ट या तक्त्यांतून निसटते. दुपारी बाराचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट, दोन्ही एकच का? घाटावरचे दिवे सातला लागतात. तेव्हा बरगीची झडप उघडता येते, ऊन उघडता येत नाही. सौरविजेनं सातचं काम करायचं तर बॅटरीचा भार तिच्या खात्यावर चढतो. तो चढवूनही तिचा आकडा कोळशाच्या खूप खालीच राहतो, पण तुलना सरळ होते. विजेवरच्या मोटारींचंही तसंच. आयसीसीटी या संस्थेच्या २०२१च्या अभ्यासात युरोपात विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा जीवनभरात ६६ ते ६९ टक्के कमी हरितवायू सोडते असं निघालं. भारतात फक्त १९ ते ३४ टक्के, कारण आपल्या विजेच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोळसा असतो.

सिमेंटचं कोडं वेगळ्या जातीचं आहे. जबलपूरच्या उत्तरेला कटनी आणि कैमोरच्या पट्ट्यात शंभर वर्षांपासून सिमेंट बनतंय, कारण तिथं चुनखडी आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी उद्या पूर्ण सौरविजेवर चालवली तरी हा वायू निघणारच, तो इंधनातून येत नाही, दगडातूनच येतो. म्हणून मुख्य उपाय : चुनखडी भाजून बनणारं क्लिंकर कमी वापरायचं. आपल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रांची राख १५ ते ३५ टक्के घालायला मुभा आहे. इथं पुन्हा भारवाटप आडवं येतं. राखेला कचरा मानलं तर ती सिमेंटवाल्याला कार्बनच्या हिशेबात फुकट पडते. विकला जाणारा जोडमाल मानलं तर कोळशाच्या धुराचा वाटा तिच्यामागोमाग सिमेंटमध्ये येतो, आणि तो वजनानं लावला तर राखेचं सिमेंट साध्या सिमेंटपेक्षाही वाईट ठरू शकतं. माझ्या मते आज तिला कचरा मानणं रास्त आहे, राखेचे डोंगर साचलेलेच आहेत. पण कोळसा घटला की राखही घटणार. म्हणून एलसी३ या सिमेंटकडं लक्ष ठेवायला हवं. त्यात जवळपास अर्ध्याच क्लिंकरबरोबर भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी असते, आणि कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत घटतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी त्यावर काम केलं, २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. पुलासाठी ते निवडताना मोजायचं मात्र पोत्यामागं नाही. नर्मदेचे पूर सोसत अमुक वर्षं उभा राहणारा पूल, हे एकक धरायचं. स्वस्त कार्बनचा पूल दोनदा बांधावा लागला तर तो महागात गेला.

राहिला दोना. घरी येऊन मी कागदावर अंदाज मांडला. काम ठरवलं : घाटावरून सोडलेला, दिसेनासा होईपर्यंत तेवणारा एक दिवा. मंडल्याहून टेम्पो साधारण शंभर किलोमीटर येतो, दहाएक लिटर डिझेल, सत्तावीस किलो कार्बन डायऑक्साइड. टेम्पोत पन्नास हजार दोने धरले तर एका दोन्यामागं अर्धा ग्रॅम. दिव्यात दहा ग्रॅम तूप धरलं तर त्यामागं गाईचं जवळपास पाव लिटर दूध, आणि गाय रवंथ करताना मिथेन सोडते, म्हणजे तुपाचा भार दोन्याच्या कितीतरी पट. चंदेरी दोन्याचा कार्बनही फार नसेल, पण त्याचा थर नदीत राहतो, आणि त्यासाठी मला दुसरं काही मोजायची गरज वाटत नाही.

शेवटची ओळ मांडली आणि ओशाळलो. राईट टाऊन ते तिलवारा, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, स्कूटरला जवळपास अर्धा लिटर पेट्रोल, एक किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. दोन्याच्या प्रवासाच्या दोन हजार पट.

कागद आत्याला दाखवला. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि निकाल दिला : पुढच्या संक्रांतीला शेजारच्या तिघींना घेऊन बसनं जायचं, दोना पानाचाच, दिव्यात तिळाचं तेल, आणि तूप घरी, गुळाच्या पोळीवर.