‘निघालोच, पाच मिनिटांत’

हंगामात दोंडाईचाच्या मिरची बाजारात बरेचसे शब्द तोंडी दिले-घेतले जातात. ‘उद्या सकाळी बारदान पाठवतो’ एवढं व्यापाऱ्यानं म्हटलं की शेतकरी मजूर सांगून ठेवतो. बारदान आलं नाही तर तोडलेली ओली मिरची शेतातच पडून राहते आणि मजुरी अंगावर येते. अशा गावात शब्द न पाळणाऱ्याची ओळख फार लवकर ठरते.

समजा, पस्तिशीतला एक व्यापारी आहे. भाव काढण्यात तरबेज, लिलावाच्या गर्दीत तर त्याचं डोकं सगळ्यात लख्ख चालतं. पण बारदान पाठवायचं राहतं. मुलाची फी राहते, वडिलांची बीपीची गोळी आणायची राहते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायला जायचं कबूल केलेलं असतं आणि ती साक्रीला पिशवी भरून, दुपार टळेपर्यंत वाट बघत बसते. बायको एवढंच म्हणते, ‘तुम्हनं हाई रोजनंच शे.’

असा माणूस बेफिकीर असू शकतो. त्याला एडीएचडीही असू शकतो. लक्ष टिकवणं, आवेग आवरणं आणि कामाचा क्रम लावणं यांत मेंदूच्या विकासापासूनच राहिलेली ही अडचण आहे. ती फक्त मुलांना असते असं अजूनही अनेकांना वाटतं. प्रौढांमध्ये तिचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरलं जातं. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेनुसार लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, काम अशा किमान दोन ठिकाणी त्रास देत असावी लागतात. चाळिशीत अचानक सुरू झालेला विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नव्हे, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

घरच्यांना सर्वांत जास्त टोचते ती एक विसंगती. बाजारातले आकडे तोंडपाठ आणि आपलं एक काम मात्र आठवत नाही, म्हणजे आपली किंमतच नाही, असा अर्थ बायको लावते. तो चुकीचा असला तरी अगदी स्वाभाविक आहे. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. लिलावात आवाज आहे, घाई आहे, फायदा-तोटा तिथल्या तिथे दिसतो, म्हणून लक्ष आपोआप खेचलं जातं. ‘संध्याकाळी येताना गोळी आण’ या वाक्याला असं काही खेचणारं नसतं. त्यात वेळेचा अंदाजही कच्चा असतो. संध्याकाळ लांब वाटते, आणि एकदम रात्र झालेली असते.

पण मला वाटतं, नाती विसरण्यानं जेवढी बिघडतात त्याहून अधिक बिघडतात विसरणं झाकण्यानं. लहानपणापासून बोलणी खाल्लेला माणूस समोरच्याचा चेहरा पडलेला पाहू शकत नाही. मग तो अजून दुकानातच असताना फोनवर ‘निघालोच, पाच मिनिटांत’ म्हणतो. बारदान गाडीत भरलंय म्हणतो. उघडं पडल्यावर कळवळून माफी मागतो आणि भरपाई म्हणून आधीपेक्षा मोठा शब्द देतो. ती माफी खरी असते, मोठा शब्दही मनापासून दिलेला असतो. तो पाळण्याची काहीच सोय केलेली नसते, म्हणून तोही मोडतो. काही वर्षांनी त्याचं ‘चुकलं माझं’ घरात कुणाच्या कानावरही पडत नाही.

विश्वास परत मिळवायचा तर आधी शब्द कमी द्यावे लागतात. ‘बघतो, वही पाहून संध्याकाळी सांगतो’ हे उत्तर रुक्ष वाटलं तरी प्रामाणिक आहे. दिलेला शब्द डोक्यात न ठेवता त्याच क्षणी बाहेर, दिसेल असा ठेवायचा: फोनच्या गजरात, गल्ल्यावरच्या फळ्यावर. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. ‘औषध आणीन’ असा नुसता निश्चय न करता ‘दुकानाचं शटर ओढलं की आधी मेडिकलवर जाईन’ असा प्रसंगाला जोडलेला बेत करायचा. आणि काम होणार नाही असं दिसलं की वेळ टळण्याआधी कळवायचं. सकाळी सातला ‘आज बारदान जमत नाही’ असा फोन आला तर शेतकरी रागावेल, पण दुसरीकडून सोय करू शकेल. दुपारी दोनची माफी त्याच्या काही कामाची नाही.

या सोयी बायकोच्या डोक्यावर येऊ नयेत. मेलिसा ऑर्लोव्ह यांनी एडीएचडी आणि लग्न या विषयावरच्या 2010 च्या पुस्तकात याच फेऱ्याचं वर्णन केलं आहे: एक जण आठवण करून देणारा पालक होतो, दुसरा टाळाटाळ करणारं मूल. आपल्याकडे तर सासऱ्यांच्या गोळीपासून नणंदेच्या आखाजीपर्यंत सगळं ध्यानात ठेवणं हे बाईचंच काम मानलं जातं. त्यामुळे बाईला एडीएचडी असेल तर तिला कुणी ‘विसराळू’ म्हणून सोडून देत नाही. तिला थेट ‘संसार येत नाही’ हा शिक्का बसतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

औषधांनी लक्ष सुधारतं, पण जडलेल्या सवयी आपोआप बदलत नाहीत. बॉस्टनमध्ये औषध घेऊनही त्रास उरलेल्या 86 प्रौढांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कामांचं नियोजन आणि लक्ष विचलित होण्यावरचे उपाय शिकवणारी बारा सत्रं ज्यांना मिळाली, त्यांची लक्षणं नुसतं शिथिलीकरण आणि माहिती मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाली.

इतकं सगळं केलं तरी बहीण पुढच्या आखाजीला ‘मी एसटीनं येते’ म्हणू शकते. तो तिचा हक्क आहे. निदानाचा कागद दाखवून तिच्याकडून विश्वास मागता येत नाही. तिच्या एसटीच्या वेळेला स्टँडवर हजर राहता येतं, तेही एकदा नाही, दरवर्षी.

तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागतं. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जाताना आईला किंवा मोठ्या बहिणीला न्यावं, कारण डॉक्टर शाळेतल्या वयाबद्दल विचारतात. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर तीही घ्यावीत. आणि बायकोला बाहेरच्या बाकावर बसवू नये. रोजचा त्रास तिनं सोसलेला आहे, आणि तो तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय डॉक्टरांना अर्धीच गोष्ट कळते.