आयटीआयचा विद्यार्थी आणि ‘इतर’चा रकाना



गेल्या वर्षी गुणगौरव समारंभाचे अर्ज घ्यायला मी मंडळाच्या कार्यालयात बसलो होतो. एक आई मुलाची गुणपत्रिका घेऊन आल्या. मुलगा आयटीआयमधून फिटर ट्रेड चांगल्या गुणांनी पास झालेला. आपल्या अर्जात दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर आणि शेवटी ‘इतर’ असे रकाने आहेत. मी म्हणालो, “ताई, ‘इतर’मध्ये लिहा.” त्यांनी लिहिले. समारंभाला मुलगा आला नाही, प्रमाणपत्र आईच घेऊन गेल्या. त्या दिवशी मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे वाटू लागले, म्हणून हे लिहितो आहे.

बँकेत कर्जविभागात असताना आयटीआय झालेली बरीच मुले माझ्यासमोर बसून गेली. त्यातला एक अजून आठवतो. मोटर रिवाइंडिंगचे दुकान टाकायचे होते. केबिनमध्ये वडील बोलत होते, मुलगा खाली मान घालून “हो साहेब”, “नाही साहेब”. मी मनात शेरा मारला : हा गिऱ्हाईक काय सांभाळणार! नंतर पाहणीसाठी तो काम शिकत होता त्या दुकानी गेलो. तिथे हाच मुलगा मला समजावून सांगू लागला : जळालेली कॉइल काढताना वेढे कसे मोजायचे, तारेचा गेज का टिपून ठेवायचा, व्हार्निश नीट वाळले नाही तर पुढे काय होते. तेवढ्यात पंपाची मोटर वेळेत मिळाली नाही म्हणून एक शेतकरी तावातावाने आला. मुलाने त्याला खुर्ची दिली, मोटर उघडून दाखवली, उशिराचे कारण सांगितले आणि दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. गडी शांत होऊन गेला. कर्ज मंजूर केले, हे सांगायला नकोच.

मुलाला बोलता येत होते. फक्त माझी केबिन त्याला आपली वाटत नव्हती, दुकान वाटत होते.

आयटीआयच्या मुलांना “संभाषणकौशल्य नाही” ही तक्रार कारखानदार मित्र नेहमी करतात. सरकारनेही ती ऐकली आहे. ट्रेडच्या जोडीला एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स नावाचा विषय असतो, त्यात बोलणे-चालणे, मुलाखत, जुजबी इंग्रजी आणि संगणक येतात. विषय चांगला आहे, पण नमस्कार कसा करावा हे पुस्तकातून शिकलेला मुलगा, आपण इथले कोणी नाही असे मनात धरून बसला असेल तर तोंड उघडत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासक कॅरल गुडनाऊ यांनी 1993 साली 18 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. शाळेत मला स्वीकारतात का, मान देतात का, सामावून घेतात का, पाठीशी उभे राहतात का, असा तिचा रोख आहे. गुण किती मिळाले हा तिचा विषय नाही.

आता हे प्रश्न आपल्या मुलांना लावून पाहा. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. ओळखी होईपर्यंत परीक्षा येते. कित्येक जण लांबून बसने येतात, शेवटची बस गाठायची म्हणून सुटल्याबरोबर पळतात. मग अप्रेंटिसशिप, म्हणजे पुन्हा नवी जागा. वीसेक मुलांच्या तुकडीत एकटीच मुलगी असेल तर डबा कोणाबरोबर खायचा इथपासून तिचा प्रश्न सुरू होतो. आणि बहुतेकांना घरून कळलेले असते की सायन्सला नंबर लागला नाही म्हणून इकडे पाठवले.

तरी वर्कशॉप ही ओळख होण्याची उत्तम जागा आहे. एका लेथवर दोघे-तिघे असले की पाळी ठरवावी लागते, व्हर्निअर मागून घ्यावे लागते, चूक झाली तर इन्स्ट्रक्टरला सांगावी लागते. जो इन्स्ट्रक्टर नंबराऐवजी नावाने हाक मारतो त्याची मुले पुढे फोन करतात, हे मी पाहिले आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना, सुरुवातीला सगळ्यांनाच परके वाटते आणि ते हळूहळू जाते, असे वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. साधारण तासाभराचे काम. त्यानंतरची तीन वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारलेले दिसले. कॉलेज आणि आयटीआय एक नव्हे, पण माजी विद्यार्थ्याला तासभर बोलवायला खर्च चहाचाच.

आपण बडोदेकरांनी तरी हाताच्या कामाला खालचे समजायला नको होते. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले तेव्हा प्राध्यापक गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याच्या प्रमुखपदी होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज त्याच कलाभवनाचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले आहे, आणि आपण तिथे प्रवेश मिळालेल्या मुलाचे पेढे वाटतो. फिटर झालेल्याचे वाटताना मी तरी कोणाला पाहिलेले नाही.

यंदाच्या अर्जात ‘आयटीआय व व्यवसाय-प्रशिक्षण’ असा वेगळा रकाना घालावा, असे पत्र मी कार्यकारिणीला दिले आहे. मकरपुरा जीआयडीसीत ज्या सभासदांचे कारखाने आहेत त्यांच्यापैकी दोघे, एखाद्या रविवारी या मुलांना बोलावून गप्पा मारायला तयार आहेत. आणखी कोणी असल्यास कार्यालयात नाव द्यावे.

त्या आईंना मी परवा फोन केला. मुलगा नोकरीला लागला आहे, त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. समारंभ शक्यतो रविवारी सकाळी ठेवा, एवढेच त्या म्हणाल्या.