जुन्या ट्रॅक्टरचा बिडाचा एल्बो

कला शाखेच्या वार्षिकांकात ट्रॅक्टरच्या सुट्या भागावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्या कसबा बावड्यात पंचगंगेच्या काठाने ऊसमळे पसरले आहेत, राजाराम साखर कारखान्याचे धुराडे दुरून दिसते आणि नदी ओलांडली की शिरोलीच्या फौंड्र्या लागतात, तेथे हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

१९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून एक ट्रॅक्टर कंपनी निघाली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर पुढे शेतकऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा झाला. अशा जुन्या गाडीचे इंजिन ठणठणीत असते, पण एखादा किरकोळ भाग मिळेनासा होतो आणि ऐन नांगरटीच्या दिवसांत ती गोठ्याशेजारी उभी राहते. भंगारात तोच भाग सापडला, तरी तोही तितकाच झिजलेला. मग तो घडवून घेणे भाग पडते.

उदाहरणादाखल इंजिनाकडून रेडिएटरकडे गरम पाणी नेणारा बिडाचा एल्बो घेऊ. तो फुटला, तर प्रथम का फुटला ते पाहावे. वर्षानुवर्षे विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतल्याने तो आतून खाल्ला गेला असेल, किंवा त्याची बैठक वाकडी असताना कोणी बोल्ट जोराने आवळले असतील. बीड दाब सोसते; वाक सोसत नाही, तडकते. कारण न शोधता केलेला नवा भागही त्याच वाटेने जातो.

आता फुटका एल्बो चिकटवून तोच वाळूत दाबला आणि साचा घेतला, तर काम झाले असे वाटते. तसे होत नाही. बिडाचा रस थंड होताना सुमारे एक टक्का आकसतो. दोन बोल्टांच्या भोकांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असेल, तर ओतून आलेल्या भागात ते ०.८ मिलिमीटरने कमी भरते आणि बोल्ट बसत नाहीत. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरचे १०० मिलिमीटर म्हणजे खरे १०१. जाणूनबुजून खोटी केलेली ही पट्टी मला या साऱ्या धंद्यातील सर्वांत शहाणी वस्तू वाटते! शिवाय लेथवर बैठक तासण्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जादा जाडी ठेवावी लागते, आणि पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. भोके ओतण्यापेक्षा मागाहून ड्रिलने पाडलेली बरी.

एल्बो पोकळ असतो. ती पोकळी राखण्यासाठी वाळूचा वेगळा गाभा, म्हणजे कोर, करून साच्यात बसवतात. तो जरा सरकला, तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीची पातळ होते. वाळू मुठीत दाबून मोडली असता स्वच्छ दुभंगावी, इतकाच ओलावा हवा. पाणी जास्त झाले की वाफ धरते आणि धातूत बुडबुडे राहतात.

एका नगासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. दुसऱ्याच्या मालाबरोबर आपला साचा ठेवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ओळख लागते! पूर्वी कोकवर चालणारा क्युपोला असे, आता बऱ्याच ठिकाणी विजेची इंडक्शन भट्टी आहे. जुने लोखंड वितळवून नवे घडवणे या मुलखाला नवीन नाही. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. मात्र पातळ भाग फार लवकर थंड झाला, तर बीड पांढरे आणि काचेसारखे कठीण होते. त्यावर ड्रिल चालत नाही. म्हणून साचा घाईने फोडू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. एल्बो फुटला, तर पाणी सांडेल आणि वेळीच थांबलो तर इंजिन वाचेल. पण स्टिअरिंगचा आर्म किंवा ब्रेकचा दांडा बिडात ओतून बसवला आणि उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना उतारावर तडकला, तर काय होईल? हे भाग ठोकून घडवलेल्या पोलादाचे असतात. हुबेहूब दिसणारा बिडाचा भाग त्यांची जागा घेऊ शकत नाही. कितीही कुशल मेस्त्री भेटला, तरी ते कंपनीचेच शोधावेत. न मिळाल्यास गाडी उभी ठेवावी.

तयार एल्बोतून कोरची वाळू कण न् कण काढावी, नाहीतर ती रेडिएटरमध्ये जाऊन बसते. बाहेरून चुन्याचा हात देऊन वाळू द्यावा, एक तोंड बंद करून आत डिझेल भरावे आणि रात्रभर ठेवावे. बारीक छिद्र असेल, तर चुन्यावर डाग उमटतो. बोल्ट मूळच्या इंची आट्यांचेच वापरावेत. मिलिमीटरचा बोल्ट पान्याने रेटून बसवला, तर हेडचे आटे जातात आणि दहा रुपयांच्या बोल्टापायी हेड उतरवण्याची पाळी येते. पॅकिंग घालून बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळावेत. इंजिन अर्धा तास चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग पान्याचा शेवटचा हलका हात फिरवावा.