एअर इंडिया : एका सामाईक घराची हकीकत

जून २०२५ मध्यें अहमदाबादेस झालेल्या भीषण विमानापघातानंतर दोन महिन्यांनीं आमच्या घरीं एक पेंच पडला. वहिनींचा नातू पुढील शिक्षणासाठीं लंडनला निघावयाचा होता, आणि तिकीट त्याच एअर इंडियाचें काढलेलें होतें. सायंकाळीं देवापुढें दिवा लावून वहिनी ओसरीवर आल्या व म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही इतकें वाचतां, तर मला एवढें सांगा. मुलाला या विमानानें पाठवावें कीं नाहीं?"

मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. तयारी केल्यावांचून वर्गांत पाऊल टाकूं नये, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाहीं. चार दिवस वाचन करून जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहें. कारण परदेशीं मुलें धाडणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांत हाच प्रश्न, बोलून न दाखवितां, सर्वांच्या मनांत असेल.

या संस्थेचा आरंभ टपालाच्या थैल्यांनीं झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून एका एंजिनाचें लहानसें 'पुस मॉथ' विमान स्वतः चालवीत अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें आणलें. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीपर्यंत आलेलें टपाल त्यांत होतें. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आणून विमानांत ओतले गेले. मुंबईपासून बळ्ळारीमार्गें मद्रासपर्यंतची पुढील मजल नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्यानें गांठली. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. जमिनीवरील खुणा ओळखीत मार्ग काढावयाचा. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलपाण्यानें निकामी होई, तेव्हां सगळा कारभार पुण्यास हलवावा लागे.

अशा तुटपुंज्या साधनांवर पहिल्या वर्षीं या सेवेनें सुमारें १,६०,००० मैलांचें उड्डाण केलें, १५५ उतारू नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळविला. पण शाळेची घंटा वेळेवर वाजावी म्हणून जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. वर्षभर एकही टपाल उशिरा पोंचलें नाहीं, अशी प्रशंसा सरकारी विमानखात्यानें आपल्या अहवालांत केली. पुढें मिळालेल्या सर्व लौकिकाचें मूळ या वक्तशीरपणांत आहे, असें मला वाटतें.

१९३८ सालीं 'टाटा एअरलाइन्स' हें नांव पडलें. २९ जुलै १९४६ रोजीं लोकांस भाग विकून 'एअर इंडिया' ही सार्वजनिक कंपनी झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर परदेशच्या उड्डाणांसाठीं सरकारनें ४९ टक्के भांडवल घातलें, आणि ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ उतारू घेऊन कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. १ ऑगस्ट १९५३ पासून सर्वच विमान कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशची एअर इंडियाकडे, अशी वांटणी झाली. टाटांचा राष्ट्रीयीकरणास विरोध होता. तरीही ते रुसून बाजूस बसले नाहींत. एअर इंडियाचें अध्यक्षपद त्यांनीं १९७८ पर्यंत विनावेतन सांभाळलें.

सामाईक घरांत राहणाऱ्यांस येथील मर्म सहज कळेल. ओसरीवरचा दिवा सर्वांचाच असतो, म्हणूनच त्याची कांच काळी पडते. कारण ती दुसरा कोणीतरी पुशील, असें प्रत्येकास वाटतें. ज्या घरांत ती पुसण्याचें काम एकानें आपलें मानलेलें असतें, त्याच घरांत उजेड राहतो. टाटांनीं तें काम आपलें मानलें होतें. विमानांतून प्रवास करतांना चहाचा रंग कसा आहे, खुर्ची पुरेशी मागें झुकते कीं नाहीं, स्वच्छतागृह स्वच्छ आहे कीं नाहीं, याचीं टिपणें ते करीत व संबंधितांस धाडीत. देश नवा व गरीब असूनही १९६० मध्यें ही सेवा जेट विमानानें न्यूयॉर्कपर्यंत गेली, आणि १९६२ मध्यें केवळ जेट विमानें वापरणारी जगांतील पहिली विमानसंस्था ठरली.

दुःखाचीं पानेंही वगळतां येत नाहींत. तीच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजीं युरोपांतील माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. २४ जानेवारी १९६६ रोजीं त्याच पर्वतावर दुसरें विमान कोसळून डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. २३ जून १९८५ रोजीं 'कनिष्क' विमानांत घातपाती बाँब फुटून ३२९ जीव अटलांटिक समुद्रांत बुडाले. आणि उलट बाजूस १९९० सालची हकीकत आहे. इराकनें कुवेत गिळंकृत केल्यावर तेथें अडकलेल्या आपल्या एक लक्ष अकरा हजारांवर लोकांना जॉर्डनमधील अम्मानहून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणें करून मायदेशीं आणण्यांत आलें. त्या वेळीं नफातोट्याचा हिशेब कोणीं विचारला नाहीं.

पुढें मात्र हिशेब विचारणारेंच कोणी उरलें नाहीं. शंभरांवर नव्या विमानांची खरेदी ठरली, आणि २००७ मध्यें एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कागदावर चूल एक झाली, पण विमानें निराळीं, पगाराच्या श्रेणी निराळ्या आणि मनेंही निराळीं राहिलीं. स्पर्धा वाढली, इंधन महागलें. ऑगस्ट २०२१ अखेर कर्जाचा आंकडा ६१,५६२ कोटी रुपयांवर गेला होता. त्याच वर्षीं टाटांनीं १८,००० कोटींस संस्था घेतली. त्यांपैकीं १५,३०० कोटी हें त्यांनीं पत्करलेलें कर्ज होतें. उरलेल्या कर्जाचा भार सरकारवर, म्हणजे तुम्हांआम्हांवरच राहिला. २७ जानेवारी २०२२ रोजीं ही विमानसंस्था आपल्या मूळ घरीं परतली. २०२३ मध्यें ४७० विमानांची मागणी नोंदविण्यांत आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें विस्तारा ही कंपनी तींत विलीन झाली.

आणि मग १२ जून २०२५ उजाडला. जेथें एके काळीं बैलगाडीनें पेट्रोल आणलें होतें, त्याच अहमदाबादेहून लंडनला निघालेलें विमान उड्डाणानंतर क्षणार्धांत कोसळलें. विमानांतील २४२ जणांपैकीं एकच वांचला, आणि खालींही माणसें मेलीं. आकाशांत चढल्यावर कांहीं क्षणांतच दोन्ही एंजिनांचें इंधन तुटलें, असें जुलैंतील प्राथमिक अहवालानें नमूद केलें. अशा वेळीं तर्कटें लढविणें हें मृतांच्या आप्तांवर अन्याय करणें होय.

विमान निघण्यापूर्वीं काय काय होतें, हेंही मीं पाहिलें. परवानाधारक अभियंता तपासणी करून स्वतःची सही करतो, त्यावांचून विमान हलत नाहीं. मुक्कामापुरतें इंधन घेऊन भागत नाहीं. तेथें उतरतां न आल्यास दुसरें ठिकाण गांठण्यापुरतें आणि वर थोडें घिरट्या घालण्यापुरतें बरोबर घ्यावें लागतें. वैमानिकांनीं किती तास काम करावें यास सरकारी मर्यादा आहे. दोन वैमानिकांपैकीं एक यादी वाचतो, दुसरा प्रत्येक कळ पाहून उत्तर देतो. आमच्या पाठशाळेंतील संथेची मला आठवण झाली. पाठ असलें तरी म्हणून दाखवावयाचें, आणि गुरूनें ऐकावयाचें.

चौथ्या दिवशीं मीं वहिनींना सांगितलें, "वहिनी, कांहींच होणार नाहीं असा शब्द कोणासही देतां येणार नाहीं, मीही देत नाहीं. ही संस्था मालक बदलूनही उभी आहे. जेव्हां जेव्हां तिच्यांतील माणसांनीं काम आपलें मानलें, तेव्हां ती चांगली चालली. आज तें मानणारीं माणसें तेथें असतील या भरंवशावर मुलाला पाठवा. पण हा भरंवसा एकदां देऊन विसरावयाचा नाहीं. ज्यांच्या हातीं मुलें सोंपवितों त्यांस जाब विचारीत राहणें, हेंही आपलेंच काम."

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मुलगा सप्टेंबरांत गेला. त्या रात्रीं घरांत कोणींच नीटसें झोंपलें नाहीं. पहांटे फोन वाजला, "आजी, पोंचलों." वहिनींनीं पदरानें डोळे टिपले आणि ओसरीवरच्या दिव्याची कांच पुसावयास घेतली.