स्कूबा-फिन्सची निवड : पदाघात, पाते आणि पाऊल

समुद्रतळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती स्कूबाची साधने प्रथम येतात तेव्हा त्याचे सारे लक्ष सिलिंडर व रेग्युलेटर यांच्याकडे असते. त्यात वावगे काही नाही. श्वास त्यांवर अवलंबून असतो. पायांत घालावयाच्या फिन्स मात्र तो बहुधा किनाऱ्यावर भाड्याने मिळतील त्या मुकाट्याने स्वीकारतो. ही उदासीनता अभ्यासकाला कशी महाग पडते व ती टाळण्यासाठी निवडीचा क्रम कसा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. (फिनला ‘पर’ हा चांगला मराठी शब्द आहे, परंतु प्राणिशास्त्राने तो माशाच्या अवयवासाठी राखून ठेवला आहे आणि पाणबुडे मंडळी ‘फिन’च म्हणतात. म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.)

मालवणच्या परिसरातील एका सर्वेक्षणाचा अनुभव प्रथम सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. तळावर दोरी ताणावयाची, तिच्या कडेने ठराविक अंतरावर चौकट ठेवावयाची व प्रत्येक चौकटीचे छायाचित्र घ्यावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. पहिली चार छायाचित्रे निर्मळ आली. पुढल्या सर्व छायाचित्रांत गढूळपणाखेरीज काही नव्हते. चौकट घेऊन पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पायांनी तळचा गाळ उसळत होता आणि मागून येणाऱ्या सहकाऱ्याचा कॅमेरा त्या ढगात सापडत होता. तो दिवस वाया गेला, याहून वाईट गोष्ट ही की उसळलेला गाळ त्याच जिवंत प्रवाळांवर बसला, ज्यांच्या प्रकृतीची नोंद घ्यावयास आम्ही गेलो होतो. विद्यार्थी उत्तम पोहणारा होता. तळाजवळ बेडकासारखे पाय मारावेत हे त्याला ठाऊक होते व तसा प्रयत्नही त्याने केला होता. पण त्याच्या फिन्सची पाती लांब आणि लवचिक होती, व पाऊल आतल्या आत फिरत होते. दोनचार प्रयत्नांनंतर तो नकळत आपल्या सवयीच्या पद्धतीकडे वळला. दोष पोहणाऱ्याचा कमी व निवडीचा अधिक होता.

पाय मारण्याची रीत व पायाला बांधलेले साधन यांचा मेळ न बसण्याची ही तक्रार फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी बालपणी बोस्टन येथे लाकडाच्या लंबवर्तुळाकार फळ्या करून हातांत धरल्या होत्या. त्या सुमारे दहा इंच लांब व सहा इंच रुंद असून अंगठ्यासाठी त्यांना भोक होते. तशाच प्रकारच्या फळ्या त्यांनी तळपायांनाही बांधून पाहिल्या, परंतु त्यांनी समाधान झाले नाही. पोहताना पाण्याला रेटा देण्याचे काम काही अंशी पावलाची आतली बाजू आणि घोटे करीत असतात, हे कारण त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. ज्या बाजूने पाणी ढकलले जात होते ती मोकळीच राहिली होती आणि फळी भलतीकडे होती. रबरी फिनचे पेटंट लुई द कोर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने 1933 मध्ये घेतले, व अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी तिचे उत्पादन सुरू केल्यावर दुसऱ्या महायुद्धात ती पाणबुड्या सैनिकांच्या पायांत गेली. द्रव्ये बदलली, आकार बदलले. फ्रँक्लिनांची अडचण मात्र आजही दर हंगामात नव्याने उभी राहते.

आता या प्रश्नाची भौतिक बाजू पाहू. पाण्यात पुढे जावयाचे म्हणजे काही पाणी मागे ढकलावयाचे. मिळणारा रेटा दर सेकंदाला ढकललेल्या पाण्याचे वस्तुमान व त्याला दिलेला वेग यांच्या गुणाकाराएवढा असतो. परंतु त्या पाण्यात वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकलले तर रेटा तेवढाच राहतो आणि व्यर्थ जाणारी ऊर्जा निम्मी होते. मोठ्या पात्याचे सारे समर्थन या एका विधानात आहे. मग पाते वाटेल तेवढे मोठे का करू नये? कारण त्या पात्यावरील पाण्याचा भार पोटरीला व घोट्याला पेलावा लागतो. पाते जितके लांब तितका भार घोट्यापासून दूर आणि तितके त्याचे परिबल अधिक. श्वास रोखून बुडी मारणारे पाणबुडे अतिशय लांब पाती वापरतात. त्यांची बुडी काही मिनिटांची असते व ते अंगावर अवजड सामग्री वागवीत नाहीत. तासभर तळाशी राहणाऱ्या अभ्यासकाने त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

वेगाचा हव्यासही येथे व्यर्थ आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या, व त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट करण्यास आठपट शक्ती हवी. ती अखेर सिलिंडरातील हवेतूनच यावयाची असते. दहा मीटर खोलीवर दाब दोन वातावरणांचा असतो, अर्थात प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या दुप्पट हवा खर्च होते. वेगाची जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या फिनकडे सर्वेक्षकाने संशयाने पाहावे, असे माझे मत आहे.

पदाघाताच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली, सर्वांना सवयीची, फ्लटर : दोन्ही पाय एकाआड एक वरखाली करणे. हालचाल मांडीपासून निघते, गुडघा किंचित सैल असतो व पाते लवून चाबकासारखे मागे सुटते. जेम्स लाइटहिल यांनी 1960 मध्ये लांबट माशांच्या पोहण्याविषयी जे गणित मांडले त्यात शेपटाच्या मागल्या कडेची हालचाल निर्णायक ठरते. फिनच्या बाबतीतही पात्याचे टोक कोणत्या कोनात लवते यावर पुष्कळ अवलंबून आहे. पाते फार ताठ असेल तर पाणी मागे न जाता नुसते वर व खाली ढकलले जाते आणि पोटरी थकते. फार मऊ असेल तर ते पाण्यातून निसटते. म्हणून फ्लटरसाठी मध्यम लांबीचे, बऱ्यापैकी लवचिक पाते योग्य होय. ही पद्धत अखंड रेटा देते, त्यामुळे प्रवाहाविरुद्ध जाताना तिच्याइतकी उपयुक्त दुसरी नाही. तिचा दोष एवढाच की खाली येणारे प्रत्येक पाते पाण्याचा एक झोत तळाकडे पाठविते. खडक स्वच्छ असेल तर बिघडत नाही. पण खाडीमुखाजवळचा तळ असला म्हणजे पूर्वी वर्णिलेला प्रकार घडतो.

दुसरी पद्धत फ्रॉग किक. यात गुडघे वाकवून पावले वर घ्यावयाची, तळवे बाहेर वळवावयाचे, मग दोन्ही पावले बाहेरून मागे व एकमेकांकडे आणून पाणी मागे रेटावयाचे, आणि पाय जुळवून थोडे वाहत जावयाचे. पाती सर्व वेळ तळापासून वर राहतात व झोत आडवा मागे जातो. फ्लॉरिडातील पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणाऱ्यांनी ही रीत विशेष जोपासली, कारण तेथे गाळ उसळून बाहेरची वाट दिसेनाशी झाली तर प्राणाशी गाठ असते. तिच्यातही उणीव आहे. दोन फटक्यांमध्ये वेग घटतो व पुन्हा वाढवावा लागतो. विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे सरासरी वेग तोच धरला तरी अशा कमीजास्त वेगाला अधिक ऊर्जा लागते. सर्वेक्षणात मात्र ही उणीव गुणच ठरते. चौकटीपाशी थांबावयाचेच असते.

फ्रॉग पद्धतीत पात्यावर येणारा भार निराळ्या जातीचा असतो, आणि निवडीतली खरी चूक येथे होते. फ्लटरमध्ये भार पात्याच्या सपाट पृष्ठभागावर येतो व त्याने ते लांबीत लवते. फ्रॉगमध्ये तो बराचसा एका कडेवर येतो व पात्याला पीळ देतो. लांब मऊ पाते या पिळाने दुमडते व पाणी कडेवरून निसटून जाते. म्हणून येथे आखूड, रुंद व ताठ पाते हवे. पाते न वळविता पावलांच्या वरच्या बाजूने पाणी पुढे ओढून मागे सरकण्याची जी रीत आहे, तिला तर ताठ पात्यावाचून गत्यंतर नाही. मध्ये चिरलेले पाते 1990च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. लहान, जलद फ्लटरला ते पायाला हलके लागते. परंतु कडेचा भार आला की त्याचे दोन भाग अलग होतात, त्यामुळे फ्रॉगसाठी ते मला निरुपयोगी वाटते. पात्यातील चिरा, झरोके व पन्हळी यांच्या गुणांविषयी बरेच बोलले जाते. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात पेंडरगास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोहणाऱ्यांचा प्राणवायूचा खर्च मोजून 2003 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत अशा रचनांचा विशेष लाभ दिसून आला नाही.

फिनच्या पाण्यातील वजनाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. भरीव रबराची फिन बुडते, हलक्या प्लास्टिकची जवळजवळ तरंगती राहते. थंड प्रदेशात अंगात जाड कोरडा पोशाख असतो व त्यातील हवा पायांकडे जाऊन पाय वर उचलते. तेथे जड फिन उपकारक ठरते. कोकणच्या उबदार पाण्यात पातळ पोशाख पुरतो आणि तीच फिन पाय खाली ओढते. समजा, दोन्ही फिन्स मिळून पाण्यात एक किलो जड भरल्या व त्या शरीराच्या मध्यापासून एक मीटरवर आहेत. तर शरीर आडवे ठेवण्यासाठी चार किलो शिसे पाव मीटर डोक्याकडे सरकवावे लागेल. तसे न केल्यास शरीर तिरपे राहते, झोत तळाकडे जातो, आणि फ्रॉग पद्धत शिकूनही गाळ उसळतो तो उसळतोच. परदेशी पुस्तकातील शिफारस जशीच्या तशी उचलणे म्हणूनच धोक्याचे.

शेवटी पाऊल. पायाचे बल पात्याला पोचते ते पाऊल ज्या कप्प्यात बसते त्याच्या भिंतींमधून. फ्लटरमध्ये कप्पा किंचित सैल असला तरी निभावते, कारण पावलाची लांबी तरफेसारखी कामी येते. फ्रॉगमध्ये पाऊल आपल्या लांबीच्या आसाभोवती पिळले जाते, व कप्पा जर सैल असेल तर पाऊल फिरते आणि पाते जागच्या जागी राहते. याची परीक्षा सोपी आहे. फिन चढवून पाय लांब करून बसावे, दुसऱ्याने पात्याचे टोक घट्ट धरावे आणि आपण तळवा बाहेर वळवावा. पाऊल आधी व पाते नंतर हलत असेल तर ती जोडी परत करावी. अनवाणी घालावयाची बंद टाचेची फिन उघड्या पावलावर, व पट्ट्याची फिन निओप्रीनच्या बुटासह पाहावी. बूट बरोबर न नेता पट्ट्याची फिन विकत घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हेही लक्षात असावे की निओप्रीनमधील वायूचे बुडबुडे खोलीवर दबतात व बूट पातळ होतो. जमिनीवर बेताची वाटणारी पकड तळाशी ढिली पडते. स्प्रिंगचा पट्टा हा फरक आपोआप भरून काढतो, रबरी पट्टा काढीत नाही.

घट्टपणालाही मर्यादा आहे. बोटे टोकाला आखडली गेली की तळव्यात व पोटरीत वांब येतो. आपल्याकडे हा प्रश्न अधिक जाचक असण्याचा संभव आहे. दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा अभ्यास बेल्जियमच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना ही पावले नेहमी पादत्राण वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली. लांबीच्या अंकावरून घेतलेली युरोपीय साच्याची फिन अशा पावलाच्या चवड्याला आवळते आणि टाचेला सैल राहते, म्हणजे दोन्ही दोष एकत्र येतात. त्यावर मोठा अंक घेणे हा उपाय नव्हे, रुंद कप्प्याची दुसरी घडण शोधावी. पाण्यात वांब आलाच तर पात्याचे टोक हाताने धरून आपल्याकडे ओढावे व गुडघा हळूहळू सरळ करावा. लांब पात्याचा एवढा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला पुढल्या खेपेस आखूड, ताठ, पाण्यात जेमतेम बुडणाऱ्या फिन्स दिल्या व प्रथम पोहण्याच्या तलावात तळापासून हातभर उंचीवर फ्रॉगचा सराव करविला. तळावर त्याने मूठभर बारीक वाळू पसरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ती हलेनाशी झाली, तेव्हा आम्ही मालवणला गेलो.